उद्या तिची पारी हाय

'शिक्षकी पेशातले आनंदाचे क्षण' असा विषय देऊन दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी फोनवरच हसले. आनंदाचे क्षण पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक पाचच्या घंटेनंतरचे आहेत. निवृत्तीच्या कार्यक्रमात एका साहेबांनी मला ज्ञानदानाचा अखंड झरा म्हटलं. साहेब माझ्या वर्गात एकदाच आले होते आणि तेही पाणी प्यायला, म्हणून त्यांना झरा आठवला असेल.

एकतीस वर्षं मी काय केलं ते मला ठाऊक आहे. शिकवलं, तेही केलं, वेळ उरला तेव्हा. पण रोज सकाळी साडेदहाला, परिपाठाच्या आधी, न चुकता केलेलं काम वेगळंच होतं. कोणतं पोर खरंच आजारी आहे, कोणतं नाटक करतंय, कोणाला वर्गात बसवायचं आणि कोणाला घरी धाडायचं, हे ठरवायचं. याचं शिक्षण डीएडला देत नाहीत. डीएडला आम्हाला पुठ्ठ्याचं घड्याळ करायला शिकवलं होतं.

या कामाचं साधन एकच, उजव्या हाताची मागची बाजू. तळहात चालत नाही, खडू आणि चहाच्या कपानं तो बधिर झालेला असतो. मागची बाजू आधी कपाळाला लावायची, मग कानामागे, मग सदरा वर करून पोटाला. शंका आली तर शेजारच्या पोराच्या कपाळाला लावून ताडून बघायचं. तसा शाळेत थर्मामीटर होता. तो प्रथमोपचार पेटीत होता, पेटी कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या करदोट्याला होती. तपासणीला कोणी आलं की थर्मामीटर बाहेर निघायचा, टेबलावर मिरवायचा आणि पाहुणे गेले की परत झोपायला जायचा. पोराच्या तोंडात द्यायचा आणि फुटला तर? पोराचं काय, ते पुढच्या वर्षी पाचवीत जाणारच होतं. थर्मामीटर मात्र शाळेचा होता.

पोटदुखीत तर मी तज्ज्ञ झाले होते. गणिताच्या तासाची पोटदुखी बेंबीजवळ असते आणि बोट ठेवून दाखव म्हटलं की जागा बदलते. बाजाराच्या दिवसाची पोटदुखी बापाची सायकल गावाबाहेर पडली की आपोआप थांबते. ज्याचं पोट खरंच दुखतं ते पोर कधी सांगत नाही. ते गुडघे पोटाशी घेऊन खिडकीखाली बसतं आणि विचारलं तर म्हणतं, "नाई म्याडम, काई नाई."

आणि पालक! बाप्पा, पालकांवर वेगळा दिवाळी अंक निघेल. एका बापाला मी बोलावून सांगितलं, की भाऊ, तुमच्या मुलाचे डोळे आलेत, लाल झालेत, चिकटतात, चार दिवस घरी ठेवा, नाही तर वर्गभर पसरेल. तो शांतपणे तंबाखू मळत ऐकत होता. मग म्हणाला, "डोये आले तं आले. कान तं साजरे हायेत ना त्याचे? बसून आयकन." पोरगा बसून ऐकत राहिला आणि आठवड्याच्या आत आख्खी चौथी लाल डोळ्यांनी फळ्याकडे बघत होती. मीसुद्धा. मुख्याध्यापकांनी तेवढा शहाणपणा केला आणि काळा चष्मा लावून आले.

पण त्या माणसाचंही खरं होतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरातलं शेंबडं पोर सोडून सगळी माणसं चिखलात उतरलेली असतात. आजारी पोर घरी ठेवायचं म्हणजे कोणापाशी ठेवायचं? शाळेत निदान डोक्यावर छप्पर, दुपारी खिचडी आणि लक्ष ठेवायला पगारी बाई. पुढे मूल या तालुक्याच्या गावाला बदली झाली तेव्हा तिथले शिकलेले आईबाप निराळीच युक्ती करायचे. सकाळी नऊला तापाचं सिरप पाजून, पावडर लावून, पोर हसऱ्या चेहऱ्यानं शाळेत आणून सोडायचे. सिरप एक वाजता उतरायचं आणि डब्यासमोरच पोर तापानं फणफणायचं. फोन करावा तर, "घरून निघताना तर एकदम नॉर्मल होता, मॅडम!"

आता मुद्द्यावर येते. आजवर हजारदा मी हा निर्णय घेतला असेल. बहुतेक वेळा बरोबर ठरला, काही वेळा चुकला आणि चुकल्यावर पोराला एखादा दिवस उगाच त्रास झाला, एवढंच. एकदाच असा चुकला, की एका मुलीच्या जिवावर बेतलं. आनंदाच्या क्षणांत ते बसत नाही, पण लिहायचं तर तेच लिहीन.

मी मूळची वरोऱ्याची. कापूस आणि सोयाबीनच्या गावातली. नोकरीच्या नवव्या वर्षी माझी बदली गडचिरोलीत, अहेरीच्या अलीकडच्या एका गावात झाली. गाव ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं. थोडी धानाची शेती, थोडी मजुरी आणि गावाला लागून मोठा तलाव. तलावाची पाळ, म्हणजे बांध, शाळेच्या दारासमोरच होती. पाळीवर उभं राहिलं की शाळेचा व्हरांडा दिसायचा आणि व्हरांड्यातून पाळीवरचं माणूस ओळखू यायचं.

मी अहेरीत खोली घेऊन राहायचे. सोबत सासूबाई आणि माझी मुलगी प्राची, तेव्हा तिसरीत होती. प्राचीला एक शिंक आली की मी तिला शाळेतून काढून घरी बसवत असे. स्कार्फ, आल्याचं पाणी, छातीला तेल, सगळा सरंजाम. सासूबाईंनी "काई नाई झालं तिले" म्हटलं तर मी त्यांना ऐकवायची, की आजारी मुलाला शाळेत पाठवणं हा अडाणीपणा आहे. एवढं बोलून मी बस धरायची आणि त्या गावात जाऊन लोकांच्या आजारी मुलांना शाळेत ओढून आणायची. हे लिहिताना आता लाज वाटते. तेव्हा मात्र दोन्ही कामं मी सारख्याच निष्ठेनं करत होते.

कारण त्या वर्षी वरून उपस्थितीचा आग्रह सुरू झाला होता. शाळेत पोरं किती शिकली ते कोणी विचारत नव्हतं, किती बसली ते विचारत होते. मीही पडले उत्साही. भिंतीवर निळ्या रंगानं स्वतः नियम लिहिला: 'ताप असेल तर घरी, ताप नसेल तर शाळेत.' काय तो तर्क, काय ते अक्षर! येणारे-जाणारे वाचून वाहवा करायचे. त्या भागातल्या डासांनी तेवढा तो वाचला नव्हता.

दुसरी माझी अक्कल म्हणजे झेंडा. ज्या दिवशी वर्गात एकही मूल गैरहजर नसेल, त्या दिवशी वर्गाच्या दारावर पिवळा झेंडा लावायचा. बाजारातून पिवळं कापड आणून मीच शिवला. पोरांना इतकं वेड लागलं की विचारू नका. झेंड्यासाठी एकमेकांना घरून ओढून आणायची. झेंडा तलावाच्या पाळीवरून दिसायचा, त्यामुळे गावालाही कळायचं, आज चौथी भरली.

माझ्या या सगळ्या थाटाला एकच बाई भीक घालत नव्हती. ती म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी मीराबाई. बाई पन्नाशीची, अंगठेबहाद्दर आणि जिभेची तिखट. माझा कपाळाला हात लावण्याचा कार्यक्रम ती चुलीपाशी बसून बघायची आणि म्हणायची, "तुमी कपाळ पाहा म्याडम, मी ताट पायतो." तिचं सोपं होतं. जे पोर दुसऱ्यांदा खिचडी मागतं ते चांगलं. जे पहिलीच चिवडत बसतं ते आजारी. मी याला अशास्त्रीय म्हणत असे.

त्या चौथीत पायल नावाची मुलगी होती. नऊ वर्षांची, काटकुळी, वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी आणि झेंड्यासाठी सगळ्यात जास्त जीव टाकणारी. झेंडा दारावर चढवायचा मानही तिचाच होता, कारण ती माझ्या खुर्चीवर चढून खिळ्यापर्यंत पोचायची. बाप आंध्राकडे मजुरीला गेलेला. घरी आई शेवंता, एक आंधळी आजी आणि ही.

पावसाळ्याच्या मध्यावर ही पायल दांड्या मारायला लागली. पहिल्या आठवड्यात सोमवारी नाही, बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही. आणि मधल्या दिवशी आली की एकदम टुणटुणीत! मी कपाळाला हात लावला, थंड. कानामागे, थंड. मीराबाईची परीक्षाही पास, दुसऱ्यांदा खिचडी मागून खाल्ली. मग आता ताप नाही, पोट नाही, डोळे नाहीत, तर ही मुलगी एक दिवसाआड जाते कुठे? दारावरचा झेंडाही तसाच. एक दिवस आहे, एक दिवस नाही. माझ्या रेकॉर्डचं मातेरं होऊन राह्यलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी परत गायब. मंगळवारी आली तेव्हा मी तिला उभं केलं.

"काल कुठे होतीस गं?"

"घरी, म्याडम."

"का?"

"माही पारी होती."

पारी म्हणजे पाळी, नंबर. आमच्या वरोऱ्याकडेही म्हणतात. आणि या गावात पारी म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं. तलावात मत्स्यबीज टाकलं की पाणकावळे तुटून पडतात. म्हणून मच्छीमार सोसायटीतल्या घरांनी पाळीपाळीनं तलाव राखायचा असतो. ज्या घराची पारी त्या घरचं माणूस दिवसभर पाळीवर बसून डबा बडवतं, पाखरं उडवतं. मोठी माणसं कामावर गेली की हे काम म्हाताऱ्यांवर नाही तर पोरांवर येतं. बस्स, माझ्या डोक्यात उजेड पडला. आई पोरीला शाळेतून काढून पाखरं उडवायला बसवते! बालहक्क, शिक्षणाचा अधिकार, सगळं माझ्या डोक्यात एकदम घोंघावायला लागलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बस सोडून दिली आणि तरातरा पाळीवर गेले. शेवंता जाळं झटकत होती. मी 'नमस्कार' नाही, 'कसं काय' नाही, सरळ तोफ डागली.

"काय गं शेवंता, काल पायल काऊन नाही आली?"

"काल तिची पारी होती ना म्याडम," ती म्हणाली. "उद्याई हाय. उद्याई नाई येनार ते."

"एवढीशी पोर आणि तिची कसली पारी? शाळा बुडवून?"

"आता पारी हाय तं हाय. मी का करू?"

"तू काय करू? अगं, तू आई आहेस ना तिची? मग तूच घे की तिची पारी!"

शेवंतानं जाळं खाली ठेवलं. माझ्याकडे अशी बघायला लागली, की हिला वेड लागलं का. मग हसली. ते हसणं मला फार उर्मट वाटलं होतं.

"मले घेता आली असती तं घेतली नसती का, म्याडम?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा जाळं उचललं.

कामचुकार बाई, मी मनात म्हटलं. पोरीचं काम स्वतः करायला नको. घरी येऊन सासूबाईंना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्या दिवशी प्राचीला सर्दी होती, म्हणून ती घरीच होती. पांघरुणात बसून ती माझी बहादुरी ऐकत होती.

बुधवारी पायल नव्हतीच. मी चौथीतल्या चार दांडग्या पोरींना हुकूम सोडला, "जा, पायलला घेऊन या. नाही म्हणाली तर हाताला धरून आणा." अर्ध्या तासात फौज परत आली, मधे पायल. वेणी घातलेली नव्हती, गणवेशाच्या आत घरचाच फ्रॉक. आई कुठे, विचारलं तर पलीकडच्या काठाला गेली म्हणाली, आज तलावाचीही घरावर पारी आली होती. 'तलावाचीही' हा शब्द मी ऐकला. ऐकला आणि सोडून दिला, कारण मी तेव्हा तिचं कपाळ तपासत होते.

कपाळ थंड होतं. नेहमीपेक्षाही थंड. मी विजयी मुद्रेनं वर्गाकडे पाहिलं, भिंतीवरचा माझा नियम पायलकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि हजेरी मांडली. सगळे हजर! पायल खुर्चीवर चढली, तिनंच झेंडा लावला. उतरताना थोडी डगमगली, पण खुर्चीचा एक पाय आखूडच होता.

खिचडीच्या वेळेला पोरं ताटं घेऊन रांगेत बसली. पायल भिंतीला टेकून बसून राहिली. मीराबाईनं दुरूनच विचारलं, "काऊन वं, ताट कुठी हाय तुहं?" तिचे दात वाजत होते. मी जवळ गेले तर आख्खी पोर हालत होती, नखं निळी पडलेली. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "पायल, नाटक पुरे आता." हे मी म्हटलं. कोणी साक्षीदार नसता तर लिहिलं नसतं, पण पन्नास पोरांनी ऐकलं आहे.

मीराबाईनं हातातला चमचा खिचडीत टाकला आणि धावत आली. पोरीला मांडीवर घेतलं आणि माझ्यावर ओरडली, "नाटक? म्याडम, पारीचा ताप हाय ना हिले! पारीच्या दिवशी आनली काऊन इथी?"

"पारीचा ताप?"

"एक दिवस येते, एक दिवस नाई येते. आधी हुडहुडी, मग अंग तव्यासारखं. पोरगं उद्या खेयते, परवा पडते. पंधरा दिस झाले तिले. तुमाले कोनी सांगतलं नाई का?"

सांगितलं होतं. पोरीनं सांगितलं होतं, आईनं सांगितलं होतं, उद्याची तारीखसुद्धा आगाऊ कळवली होती. मलेरियाची पारी कळवली होती त्यांनी आणि मी पाणकावळे समजले होते.

वर्गातल्या सगळ्या सतरंज्या तिच्यावर घातल्या. हुडहुडी थांबली आणि ताप चढला. असा चढला, की हाताची मागची बाजू, पुढची बाजू, काही लागत नव्हतं बघायला, वाफ लांबूनच लागत होती. मी मुख्याध्यापकांकडे थर्मामीटर मागितला, ते करदोटा चाचपडायला लागले. मीराबाई म्हणाली, "ते काचकांडी राहू द्या, फडकं आना." फडकं सापडेना. तिनं दारावरचा झेंडा ओढून काढला, बादलीत बुडवला आणि पोरीच्या कपाळावर ठेवला. रंग कच्चा होता. पिवळं पाणी पायलच्या कानावरून माझ्या साडीवर गळत होतं.

मग पायल बरळायला लागली. "हजर," म्हणत होती. "हजर म्याडम, हजर म्याडम." मी तिचं नाव घेऊन हाका मारल्या तर माझ्याकडे बघायची, पण मला बघत नव्हती. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, त्यातलं अर्धं मी पाळलेलं नाही.

इतक्यात शेवंता धावत आली. अजून कोणी तिला बोलवायला गेलंही नव्हतं. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात तो डबा तसाच.

"झेंडा दिसला मले," ती धापा टाकत म्हणाली. "पलीकडून दिसला. म्हनलं, आज झेंडा कसा का लागला? आज तं नाई लागाले पायजे होता."

आख्ख्या गावात पंधरा दिवस झेंडा बघून तिच्या तापाचा हिशेब करणारी एक बाई होती. आणि झेंडा लावणारी मी होते.

शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींनी मोटारसायकल काढली. पुढे ते, मागे शेवंता आणि दोघांच्या मधे पायल. वाटेतल्या नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. तिथे गाडी सोडून गुरुजींनी पोरीला खांद्यावर घेतली आणि पलीकडून कोणाचा तरी ट्रॅक्टर मिळाला. मी मागून दुसऱ्याच्या सायकलवर गेले. अहेरीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा सलाइन लागलेली होती. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, दोन्ही जातींचा मलेरिया एकदम आहे, साधा आणि मेंदूवर जाणारा. आजची रात्र बघू. मग मला विचारलं, "एवढ्या दिवसांत रक्त तपासलं नाही?"

तपासायला दिलं होतं. आशाताईनं काचेवर रक्ताचा थेंब घेऊन पुढे पाठवला होता. थेंब गेला तो गेला. काच फिरायला निघाली होती, परत यायची तिला घाई नव्हती. तोवर शेवंता तिला जमेल तेवढं करत होती. पारीच्या दिवशी पोरीला घरी निजवत होती, आजीला पायथ्याशी बसवत होती आणि बिनपारीच्या दिवशी शाळेत पाठवत होती, कारण पोरीला झेंडा लावायचा असायचा. म्हणजे आजारी मूल शाळेत कधी पाठवायचं आणि कधी नाही, हे त्या गावात एकाच बाईला बरोबर कळत होतं. तिला मी कामचुकार म्हटलं होतं.

त्या रात्री मी घरी गेले नाही. शेवंता खाटेशी बसली होती, मी दाराशी. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पहाटे ताप उतरला. सकाळी पायलनं डोळे उघडले, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. घसा बसलेला होता.

"म्याडम, झेंडा गेला का?"

मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

शाळेत परत गेल्यावर हजेरीपत्रक उघडलं. पायलच्या नावापुढे दोन आठवडे, हजर, गैरहजर, हजर, गैरहजर, धावदोऱ्यासारखं एकसारखं. ते बघून कोणताही शिकाऊ कंपाउंडर सांगेल की पोरीला काय झालंय. मी ते स्वतःच्या हातानं, लाल-निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात भरलं होतं. आणि सगळ्यात वर कडी म्हणजे तो बुधवार. त्या बुधवारी उपस्थिती शंभर टक्के. त्या महिन्याच्या अहवालात तो दिवस माझ्या नावावर चांगला म्हणून गेला आहे.

भिंतीवरचा नियम मी चुना मारून पुसला. त्यानंतर हजेरी घेताना मी आजचा रकाना बघायच्या आधी मागचे दहा रकाने बघायला लागले. त्यात पुढच्या वर्षांत तीन पोरं सापडली, ती तीनही माझ्याआधी मीराबाईला सापडली होती. ती नुसती बघून हसायची आणि म्हणायची, "आता शिकून राह्यल्या हळूहळू."

पायल तीन आठवड्यांनी शाळेत आली. केस विरळ झालेले, फ्रॉक अंगावर लोंबत होता. गोळ्यांचा सगळा कोर्स झाला होता, डॉक्टरांनी बरी म्हणून सांगितलं होतं. सोबत शेवंता होती. मी तिच्यासाठी काय बोलायचं ते अहेरीपासून बसमध्ये पाठ करत आले होते. 'शेवंता, माझं चुकलं' इथून सुरुवात होती. पण ती माझ्याकडे आलीच नाही. मुलीला वर्गात सोडून ती व्हरांड्यात गेली आणि खांबाला पाठ लावून बसली. तासभर झाला, दोन तास झाले. खिचडी झाली तरी बसलेली. मीराबाईनं ताट दिलं, ते तिनं पायलच्या ताटाकडे बघत बघत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी नव्हती. तिसऱ्या दिवशी परत आली, त्याच खांबाला टेकून बसली.

शेवटी मी बाहेर गेले. पाठ केलेलं सगळं विसरले होते. म्हटलं, "शेवंता, तिला आता ताप येत नाही ना? मग कामधंदा सोडून कशाला बसतेस?"

ती वर्गाच्या दारातून नजर न काढता म्हणाली, "ताप नाई आता. पन दिस मोजला तं आज तिची पारी हाय. तुमीच म्हनलं होतं ना म्याडम, आई हायस तं तूच घे म्हनून. घेऊन राह्यलो."

मी पदर खोचला, आणि चौथीला शुद्धलेखनाला लावून तिच्या शेजारी व्हरांड्यात बसले. सरकून तिनं मला खांबाची अर्धी बाजू दिली.